रोलर चुकीच्या नळीवरून फिरतोय

मा. संचालक,
ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, पुणे



जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याचे फोटो अधूनमधून पेपरात येतात. बुलेटच्या फटाक्यांनी झोपमोड झालेल्या माणसाला ते बघून बरं वाटतं. मलाही वाटतं. पण टर्बो पेट्रोल गाड्यांच्या बाबतीत हा रोलर चुकीच्या नळीवरून फिरतोय. हे अधिकारवाणीने सांगू शकेल अशी संस्था तुमची, म्हणून पत्र परिवहन आयुक्तांना न लिहिता थेट तुमच्या टेकडीवर पाठवतोय.

चाकणची पोलो जीटी टीएसआय, रांजणगावची अबार्थ पुंटो, मग ऑक्टाव्हिया आरएस. या गाड्यांनी आपल्याकडच्या पोरांना टर्बोचा नाद लावला, आणि नाद लागला की पहिला हात एक्झॉस्टला जातो. तिथे दोन अगदी वेगळी कामं होतात. एक म्हणजे ‘कॅटबॅक’: कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागची नळी आणि मफलर बदलायचा. आवाज घुमतो, ताकद नावापुरती वाढते, इंजिनाचं काही बिघडत नाही आणि कॅट जागेवर असल्याने धूर होता तेवढाच स्वच्छ राहतो. दुसरं काम डाउनपाइपचं. टर्बोला लागून असलेली नळी बदलायची आणि बहुतेक वेळा तिच्यातला कॅट उडवूनच टाकायचा. मागचा कंपनीचा मफलर तसाच ठेवला तर सिग्नलवर अशा गाडीकडे कुणी मान वळवूनही बघत नाही. पहिल्याची पावती फाटते, दुसरा पोलिसासमोरून आरामात निघून जातो.

इंजिनाच्या बाजूने बघितलं तर गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. टर्बाइन फिरतं ते पुढच्या आणि मागच्या दाबातल्या फरकावर. मागची वाट मोकळी झाली की ते लवकर वेग घेतं, आणि हे इंजिनाला वाईट नाही. कोंडलेली उष्णता उलट कमीच होते. पण आता वेस्टगेटला जास्त वायू बाजूने काढून द्यावा लागतो. त्याचं भोक लहान असेल तर ते पूर्ण उघडूनही बूस्ट ठरलेल्या आकड्याच्या वर सरकत राहतो. कंपनीचा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, अशा वेळी थ्रॉटल आवळतो किंवा इंधन तोडतो. मालकाला हे झटके नको असतात, म्हणून पुढची पायरी येते: ‘स्टेज टू’ रिमॅप, म्हणजे ईसीयूमधली आकडेमोड (मॅप) बदलणं. इंजिन मरायला सुरुवात होते ती इथे.

तो मॅप पुष्कळदा युरोपातल्या ९८ ऑक्टेनवर बेतलेला असतो. आपल्या पंपावर मिळतं ९५ चं ई-२०. इथेनॉलमुळे त्याच हवेला साधारण आठ टक्के जास्त इंधन लागतं. बूस्ट आधीच वाढवलेला असला की इंजेक्टर आणि हाय प्रेशर पंप टोकाला पोचतात. मिश्रण पातळ होतं, नॉकिंग सुरू होतं, आणि पिस्टनच्या रिंगांमधली भिंत तुटते. ईसीयू इग्निशन मागे घेऊन वाचवायला बघतो, पण त्याने एक्झॉस्ट आणखी तापतो आणि टर्बाइन भाजून निघतं. त्यात कुणाला पाय काढल्यावर फटाके हवे असतात. म्हणजे मुद्दाम उशिरा ठिणगी द्यायची आणि इंधन नळीत जाळायचं.

सगळ्यात वाईट भाग बाहेरून दिसतच नाही. कॅट नसल्याचं मागच्या ऑक्सिजन सेन्सरला कळतं आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. मग सेन्सरखाली स्पेसर घालतात, नाहीतर मॅपमध्ये तो कोडच बंद करतात. ताप दिसू नये म्हणून थर्मामीटर फोडावा तसला हा प्रकार. पीयूसी केंद्रावर आयडलला आणि जरा वाढवलेल्या फेऱ्यांवर वायू मोजतात, लोड शून्य. गाडीखाली कुणी वाकत नाही.

कॅट काढणारा प्रत्येक जण गुन्हेगार असतो असंही नाही. अमेरिकेत २००२ ते २००५ च्या सुबारू डब्ल्यूआरएक्समध्ये टर्बोच्या अलीकडच्या नळीतही एक छोटा कॅट होता. तो फुटला की तुकडे थेट टर्बाइनमध्ये. तो काढून टाकणाऱ्यांनी टर्बो वाचवले. नळी चांगली की वाईट हे तपासून ठरवायचं असतं, आणि तपासणं हे तुमचं १९६६ पासूनचं काम आहे.

आज कायद्याकडे एकच उत्तर आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांत बदल करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं. कलम १८२-अ खाली मालकाला दर बदलामागे पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. सरसकट ‘नाही’ म्हटलं की सरळ माणूस आणि लबाड माणूस एकाच गॅरेजात जातात. जर्मनीत मान्यताप्राप्त एक्झॉस्ट कागदपत्रांवर चढवून घेता येतो. कॅलिफोर्नियात कार्ब या तिथल्या हवा-प्रदूषण मंडळाने मंजूर केलेल्या भागाला स्वतःचा क्रमांक असतो. फार लांब कशाला, आपल्याकडे सीएनजी किट असंच बसतं: मान्यता मिळालेलं किट, अधिकृत केंद्र, आरसीवर नोंद. त्या किटची चाचणी तुम्हीही करता.

वाहनांच्या एआयएस मानकांच्या समितीचं सचिवालय तुमच्याकडे आहे. बदली एक्झॉस्टसाठी मसुदा तिथून निघू द्या. कॅटबॅकला आवाजाची मर्यादा पुरे. डाउनपाइपला मात्र कॅट सक्तीचा, आणि मान्यता नळी व मॅप या जोडीला, ई-२० वर, डायनोवर पूर्ण लोड देऊन. पीयूसीच्या वेळी ओबीडी सॉकेटला स्कॅनर लावून कॅटचं मॉनिटर चालू आहे की बंद केलंय एवढं बघायला दोन मिनिटं लागतात.

सुरुवात जुन्या पोलोंपासून करा. त्या आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेल्या आहेत, आणि विकत घेणाऱ्याला बोनेटखाली कुठला मॅप आहे, नळीत कॅट आहे की नाही, हे कुठल्याच कागदावर वाचायला मिळत नाही.

आपला,
पुण्यातला एक टर्बोवेडा