तोटा कोणाच्या नावावर?

बँकेच्या नोकरीत असताना १९८८ साली माझी बदली नामपूरला झाली. बागलाण तालुक्यातले, मोसम नदीच्या काठचे हे बाजाराचे गाव. जिथे नदीचे नावच मोसम, तिथे हंगाम कसा चुकेल, असे मी तेव्हा गमतीने म्हणत असे. आज ती गंमत करवत नाही.

पीककर्जाची फाइल ज्यांनी कधी पाहिली नसेल, त्यांच्यासाठी सांगतो. तिच्यात सातबारा असतो, पिकाचे नाव असते, किती कर्ज द्यायचे याचा ठरलेला दर असतो आणि परतफेडीची तारीख असते. खरिपाची ३१ मार्च, रब्बीची ३० जून. पण या कागदांत एक कलम न लिहिताच गृहीत धरलेले असते. मृगाच्या आसपास पाऊस येईल, दिवाळीपूर्वी तो परत जाईल, मग थंडी पडेल आणि होळीनंतर ऊन तापेल. दुष्काळ तेव्हाही पडत; पण एखादे वर्ष वाईट गेले, की घडी पुन्हा बसे. त्या भरवशावर आम्ही कर्ज देत होतो आणि शेतकरी ते घेत होता.

निवृत्तीनंतरही माझे तिकडे जाणे सुटले नाही. ऑक्टोबर २०१८च्या अखेरीस बागलाण तालुक्यात दुष्काळ जाहीर झाला. बरोबर एक वर्षाने, २०१९च्या दिवाळीत, पाऊस थांबायला तयार नव्हता. अर्ली द्राक्षांचे घड वेलीवर सडले, कापून ठेवलेल्या मक्याला कोंब फुटले. नामपुरात माझे एक जुने खातेदार भेटले. मी म्हटले, ‘आबा, यंदा पाणी तरी भरपूर झाले.’ ते म्हणाले, ‘साहेब, पानी उना, पन येळवर उना नही.’ पाऊस आला, पण वेळेवर आला नाही. पुढे एप्रिल २०२३ मध्ये, उन्हाळ कांदा काढणीला आला असताना, तालुक्यात गारपीट झाली. डाळिंबाच्या बागाही झोडपल्या गेल्या.

हे लागोपाठचे दुर्दैव आहे असे पूर्वी म्हणता आले असते. आता म्हणता येत नाही. हवेचे तापमान एक अंशाने वाढले, की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. ते बाष्प मग एकदम कोसळते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवून दिले, की मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात मोठ्या भूभागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. आणि हे होत असताना पावसाळ्यातला एकूण पाऊस मात्र घटत होता. आबांचे म्हणणे आणि शास्त्रज्ञांचे म्हणणे यांत फार अंतर नाही.

शेतात याचा अर्थ काय होतो? दमट हवा लांबली, की डाळिंबावर तेल्या पसरतो. अवकाळी पावसाने कांद्याचे रोप वाफ्यातच जळते, बियाणे दुसऱ्यांदा घ्यावे लागते. भिजलेला कांदा चाळीत टिकत नाही. शिवाय कांदा काढायला आलेल्या बायांचा रोज बुडतो, तो कुठल्याच पंचनाम्यात येत नाही. पंचनामा पिकाचा होतो, मजुरीचा होत नाही. आणि पिकाचे नुकसानही ३३ टक्के किंवा त्याहून अधिक भरले, तरच सरकारी मदत. गारा तर पट्ट्याने पडतात. बांधाच्या अलीकडे सगळे भुईसपाट आणि पलीकडे पीक उभे, असेही होते.

हवामान बदलले सगळ्या जगाच्या धुराने. तोटा मात्र सातबाऱ्यावर ज्याचे नाव, त्या एकाच्या खात्यावर पडतो. वसुलीच्या नोटिसांवर मीही सह्या केल्या आहेत. तारीख उलटली एवढेच मी पाहत होतो. ती तारीख ज्या हंगामावर बेतली होती तो आला होता का, हे विचारायला फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

असा रकाना आपल्याकडे एके काळी होता. मोसम, आराम, पांझरा या नद्यांवर काही शतके फड पद्धती चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठे तुकडे, म्हणजे फड. एका फडात सगळ्यांचे पीक एकच. बहुतेकांची थोडी थोडी जमीन निरनिराळ्या फडांत असे. पाणी कमी असले, की एखादा फड त्या वर्षी पडीक ठेवत. तोटा होई, पण तो सर्वांच्या वाट्याला थोडा थोडा येई. त्या व्यवस्थेतही भांडणे असतील, मोठ्यांची मुजोरी असेल. तिला सोन्याचा मुलामा देण्याचे कारण नाही. पण पाऊस आपल्या हाती नाही आणि तोट्याची वाटणी मात्र आपल्या हाती आहे, एवढे त्या लोकांना कळले होते.

आपण शहरातले लोक ही वाटणी कशी करतो? डिसेंबर २०२३ मध्ये कांदा महागू लागताच निर्यातबंदी आली आणि ती मे २०२४ पर्यंत राहिली. आपल्या ताटातला कांदा स्वस्त राहावा म्हणून, आधीच गारांनी आणि अपुऱ्या पावसाने पोळलेल्या माणसाला आपण पुन्हा पुढे केले.

कर्जमाफी हे यावरचे उत्तर आहे, असे मी बँकेतला माणूस म्हणणार नाही. पण परतफेडीची तारीख प्रत्यक्ष आलेल्या हंगामाकडे पाहून ठरावी, विम्याने महसूल मंडळाची सरासरी न पाहता ज्याचे शेत गेले त्याचे शेत पाहावे, आणि बुडालेल्या मजुरीचीही कुठेतरी नोंद व्हावी, एवढे तर मागता येईल. आणि कांदा चार रुपयांनी महागला, तर ती आपल्या वाट्याची रक्कम आहे असे समजून पिशवी पुढे करावी. मोसमच्या खोऱ्यातले लोक पडीक फडाचा वाटा असाच उचलत होते.