शाळेचे मैदान संध्याकाळीही मुलांचे असावे

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा सदस्य सचिव, जिल्हा नियोजन समिती, हिंगोली

विषय : जिल्हा परिषद शाळांच्या मैदानांवर शाळा सुटल्यानंतर गावातील मुलांसाठी मार्गदर्शकासह खेळ सुरू करण्याबाबत.

महोदय,

पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. १४६ देशांतील शाळकरी मुलांच्या माहितीवरून २०१९ मध्ये निघालेला निष्कर्ष असा, की ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुले एवढी हालचाल करत नाहीत, आणि मुली मुलांच्याही मागे आहेत. भारतातही अशी मुले चारांत तीनच्या आसपास आहेत. ही तूट शाळेच्या तासिकांतून भरून निघणार नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ शाळेला मैदान व खेळसाहित्य देतो. शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक मात्र सहावी ते आठवीलाच, तोही पट शंभरावर असेल तर. सेनगाव, औंढा नागनाथ, कळमनुरीकडील वाड्या-तांड्यांवरच्या चौथी-पाचवीपर्यंतच्या शाळांना खेळ शिकवणारा माणूस मिळण्याची सोय या कायद्यात नाही. म्हणून ही जबाबदारी शाळेबरोबर गावानेही उचलावी आणि त्यासाठी प्रशासनाने गावाला बळ द्यावे, अशी आमची मागणी आहे.

खेड्यातली मुले शेतात राबतातच, त्यांना वेगळा व्यायाम कशाला, असे यावर म्हटले जाईल. हे मत आम्हांला मान्य नाही. हळद काढणीच्या किंवा सोयाबीन कापणीच्या दिवसांतले काम हंगामी असते, वाकून आणि ओझे वाहून केलेले असते; ते मुलांच्या वाट्याला येणे हीच मुळात चिंतेची बाब आहे, तिला व्यायाम म्हणून खपवू नये. अभ्यास बुडेल ही पालकांची भीती समजण्यासारखी आहे, पण नियमित हालचालीने मुलांची आकलनशक्तीही सुधारते, असे आरोग्य संघटनेची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वे नोंदवतात. मैदानाची नासधूस होईल, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्यावर उपाय शाळा व्यवस्थापन समितीत आहे. तिचे तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. किल्ली आणि देखरेख त्यांच्याकडे द्यावी.

मात्र नुसते फाटक उघडून भागणार नाही. मोकळे सोडलेले मैदान मोठी मुले क्रिकेटसाठी अडवतात; मुली आणि लहानगी कडेला उभी राहतात. यासाठी मार्गदर्शक हवाच, आणि मुलींसाठी राखीव वेळ व महिला मार्गदर्शक हवी. गावातील जुने कबड्डी-खो-खो खेळाडू आणि बी.पी.एड. झालेले तरुण हे काम मानधनावर करू शकतील. खर्चही आवाक्यातला आहे : खो-खोला २७ मीटर लांब, १६ मीटर रुंद जागा आणि दोन खांब पुरतात. क्रीडांगण विकास अनुदान योजना आहेच. मानधनासाठी जिल्हा वार्षिक योजनेत स्वतंत्र तरतूद करावी.

पहिल्या वर्षी पाचही तालुक्यांतील प्रत्येकी दहा गावे निवडावीत, त्यांत तांडे व आदिवासी वस्त्यांना प्राधान्य द्यावे. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूविक्रीला आणि ५० मीटरच्या आत जादा मीठ-साखर-चरबीच्या पदार्थांच्या विक्रीला असलेली बंदी याच गावांत आधी काटेकोर पाळली जावी. येत्या जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी जिल्हा क्रीडा अधिकारी, शिक्षणाधिकारी (प्राथमिक) आणि पालक प्रतिनिधी यांची बैठक आपल्या अध्यक्षतेखाली बोलवावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
हिंगोली जिल्ह्यातील पालक व नागरिक

प्रत : मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, हिंगोली