फुनाफुती व्हाया राजपुरी

परवा शुक्रवारी रात्री रिलीज होतं. रिलीजच्या रात्री आपण दोनच गोष्टी करतो. एक तर बिल्डकडे टक लावून बसतो, नाहीतर नकाशावर जग फिरून येतो. मी नकाशावर होतो. निमित्त, क्लायंटच्या साइटच्या नावामागचं 'डॉट टीव्ही'. तर मंडळी, हे टीव्ही म्हणजे टेलिव्हिजन नव्हे, तुवालू! पॅसिफिक महासागरातला नऊ बेटांचा देश. सगळी जमीन मिळून २६ चौरस किलोमीटर आणि माणसं दहा-अकरा हजार. ही दोन अक्षरं जगाला वापरायला देऊन त्याचे पैसे देशाच्या तिजोरीत येतात. राजधानी फुनाफुती. तिथल्या विमानतळाचा कोड 'एफयूएन', म्हणजे चक्क फन! धावपट्टी अमेरिकन सैन्याने १९४३ साली बांधलेली. विमान यायच्या आधी भोंगा वाजतो, आणि विमान नसलं की संध्याकाळी पोरं तिथेच फुटबॉल खेळतात.

झोपच उडाली. मग तिकिटाचा आकडा पाहिला. झोप परत आली.

सकाळी मित्राला हे सांगितलं तर म्हणाला, "बेटावरची राजधानीच बघायची ना? जंजिऱ्याला चल." मी हसलो, पण गडी बरोबर बोलत होता. अरबी 'जझीरा' म्हणजे बेट, त्याचंच जंजिरा झालं. मुरुड, म्हसळा, श्रीवर्धन हा सगळा पट्टा सिद्दींच्या संस्थानात होता. राजधानी आधी पाण्यातल्या किल्ल्यात, नंतर समोरच्या मुरुडला. १९४८ साली विलीन होईपर्यंत हे राज्य टिकलं. आणि पनवेलहून अंतर किती, तर बाइकवर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. पेण, अलिबाग, रेवदंडा, काशीदला चहा, की आलंच.

राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीत बसलो. होडी अर्ध्यात पोचते न पोचते तोच एकाने नेहमीचा प्रश्न टाकला, "महाराजांना हा का जिंकता आला नाही?" गाइडने नेहमीचं उत्तर दिलं. बुरूज, भरती-ओहोटी, कलालबांगडी तोफ. आत गेल्यावर सगळे तोफेवर हात ठेवून फोटो काढायला धावले. मी मागे राहिलो, कारण रात्रभर जागलो होतो. गाइड गोड्या पाण्याच्या तलावापाशी येऊन बसला. चारी बाजूंना खारा समुद्र आणि मधे गोडं पाणी! म्हणाला, "लोक तोफा मोजतात साहेब. इथे मोहल्ले होते. माणसं राहायची, लग्नं व्हायची. माझ्या आजीची आई इथलीच."

मग मी एक मूर्खपणा केला. विचारलं, "तुमचं मूळ गाव कोणतं?" डोक्यात अर्थातच आफ्रिका होती.

"हेच की, राजपुरी. तुमचं?"

"पनवेल."

"मूळ?"

"...सातारा. बाबा नोकरीसाठी आले पनवेलला."

"म्हणजे बाहेरचे तुम्ही!" असं म्हणून तो हसला. मीही हसलो, पण परत येताना वडखळच्या ट्रॅफिकमध्ये तेच डोक्यात फिरत होतं.

माझं म्हणणं साधं आहे. छोट्या राजधान्यांना आपण एका ओळीत उरकतो. जंजिरा म्हणजे 'अजिंक्य किल्ला'. ती ओळ खोटी नाही. संभाजी महाराजांनी १६८२ साली समुद्रात भर टाकून या किल्ल्यापर्यंत वाट बांधायला घेतली होती. शिवाजी महाराजांनी यालाच शह म्हणून उभा केलेला पद्मदुर्ग आजही समोर दिसतो. सिद्दीच्या स्वाऱ्यांनी कोकणातल्या गावांना जे सोसावं लागलं तेही विसरायचं कारण नाही. पण त्या ओळीत ही राजधानी मावत नाही. पेशवे बाळाजी विश्वनाथ याच सिद्दीच्या मुलखातल्या श्रीवर्धनचे. इथली बेगम नाझली १९०८ साली युरोप फिरून आली आणि तिने त्या प्रवासावर उर्दूत पुस्तक लिहिलं. जिने तेव्हा आपल्या बेटावरून युरोप बघितला, तिच्या बेटावर जाऊन आपण काय बघतो? एक तोफ.

आता फुनाफुतीची ओळ बघा, 'बुडणारा देश'. तीही खोटी नाही. समुद्र चढतोय, आणि २०२३ च्या करारानुसार ऑस्ट्रेलिया वर्षाला २८० तुवालूवासीयांना कायमचं राहायला घेणार आहे. पण उद्या मी खरंच तिथे गेलो आणि फुटबॉल खेळणाऱ्या पोराला विचारलं, "काय रे, कधी बुडणार?" तर होडीतल्या त्या माणसात आणि माझ्यात फरक काय?

लांब कशाला जा. आमच्या दारात नवी मुंबईचा विमानतळ झाला. डिसेंबर २०२५ पासून विमानंही उडायला लागली. मला आनंदच आहे, ऑनसाइटला जाताना सहार गाठायची दगदग वाचली. पण त्या धावपट्टीसाठी दहा गावं उठली. कोंबडभुजे, तरघर, चिंचपाडा... तिथेही तळी होती, देवळं होती, लग्नं व्हायची. आणखी पन्नास वर्षांनी तिथल्या कुणाच्या नातवाला एखादा प्रवासी विचारेल, "तुमचं मूळ गाव कोणतं?" तो बोट कुठे दाखवणार? रनवेकडे?

म्हणून एक विनंती. जंजिऱ्याला जाल तेव्हा तोफेबरोबर फोटो जरूर काढा, मीही काढलाय. पण नंतर दहा मिनिटं त्या तलावापाशी बसा आणि गाइडला एवढंच विचारा, "इथे राहायचं कोण?" आमच्या गाइडला हे कुणीच विचारलं नाही. त्याने ते न विचारताच सांगितलं, आणि त्यावर मी त्याला काय विचारलं ते वर लिहिलंच आहे.

असो. फुनाफुतीच्या तिकिटासाठी आरडी सुरू केली आहे. सध्याच्या हप्त्याने समुद्र आधी पोचेल की मी, सांगता येत नाही. पण पोचलोच तर पहिला प्रश्न काय विचारायचा, तेवढं ठरलंय.