मुकी पाटी

संध्याकाळच्या वेळी नागपूरच्या बर्डीवर चक्कर मारली, तर दुकानांच्या पाट्यांची नुसती दाटी दिसते. पाटी रंगवणारा पेंटर एक गोष्ट कधी विसरत नाही : ती माणूस वाचणार आहे. संकेतस्थळ हीदेखील दुकानाची पाटीच होय. परंतु तिचा पहिला वाचक माणूस नसतो, यंत्र असते. दोन-तीन संगणक मांडून इतरांना संकेतस्थळे करून देणारे पुष्कळ तरुण आपल्याकडे आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणांना याच वाचकाचा विसर पडतो, असे माझे मत आहे.

मागे एकदा परगावच्या मित्राला संत्रा बर्फी पाठवायची होती. दुकान माझ्या ओळखीचे. पण शोधयंत्रात मराठी शब्द टाकून पाहिले, तर ते काही सापडेना! अखेर दुकानात जाऊन विचारले. संकेतस्थळ होते, दिसायला सुरेखही होते. मात्र बर्फीचे नाव, भाव, पत्ता, सारे एका चित्रावर रंगवलेले. आपल्याला ती अक्षरे दिसतात; यंत्राच्या दृष्टीने ते रंगीत ठिपके. चित्रातली अक्षरे ओळखणारी यंत्रे आता आहेत हे खरे, पण त्यांच्या भरवशावर दुकान चालवू नये.

यंत्र अक्षर ओळखते ते आकड्यावरून. १९९१ साली पहिली आवृत्ती निघालेल्या युनिकोड पद्धतीत जगातल्या लिप्यांमधील अक्षरांना क्रमांक दिलेले आहेत. आपल्या 'क'चा क्रमांक २३२५. 'संत्रा' या शब्दाला सहा क्रमांक लागतात : स, अनुस्वार, त, पाय मोडण्याचे चिन्ह, र आणि काना. प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीने प्रत्येकाला ३ बाइट, म्हणजे अवघे १८ बाइट! चित्राला याच्या हजारो पट जागा लागते, आणि ते उघडायला वेळ लागतो तो वेगळाच.

दुसरी गंमत छापखान्यातून आलेल्या मजकुराची. कृतिदेवसारख्या जुन्या टंकात 'कमल' लिहिले, की पडद्यावर कमल दिसते. पण यंत्राच्या वहीत रोमन डी, ई आणि वाय अशी तीन अक्षरे उमटलेली असतात. शोधयंत्राचे काम पुस्तकाच्या शेवटी असलेल्या सूचीसारखे आहे. कोणता शब्द कोणत्या पानावर, याची नोंद ते आधीच करून ठेवते. पानावर शब्दच नसेल तर नोंद कशाची करणार?

आता या तरुणांच्या स्वतःच्या धंद्याविषयी. 'आमच्याकडे उत्तम संकेतस्थळे मिळतील' हे वाक्य चाळीस वेळा लिहून गिऱ्हाईक येत नाही. पांढऱ्या कागदावर पांढरी अक्षरे लपवण्याची युक्तीही कोणी कोणी करून पाहिली. शोधयंत्रे अशांना मागे ढकलतात. १९९८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील ब्रिन आणि पेज यांनी मांडलेली रीत साधी होती : इतर पाने ज्या पानाकडे बोट दाखवतात, ते महत्त्वाचे. बोट दाखवावे असे काही तिथे असायला हवे ना!

म्हणून मी म्हणतो, महिन्यातून एक लेख लिहा, आणि मराठीत लिहा. समजा, काटोलच्या एखाद्या बागायतदाराचे काम केले. मग आंबिया बहराची संत्री दिवाळीच्या आगेमागे आणि मृग बहराची फेब्रुवारी-मार्चमध्ये का येतात, हे त्याला विचारून त्याच्या पानावर लिहा. आणि त्याचे जड फोटो हलके कसे केले, हे आपल्या पानावर. 'मराठीत शोधतो कोण?' असे एका व्यावसायिकाने मला विचारले. मराठीत उत्तरच सापडत नसेल, तर लोक मराठीत विचारायचे सोडून देतील, ही माझी खरी काळजी आहे. अर्थात लेखाचे फळ दिसायला महिने लागतात आणि दुकानाचे भाडे दर महिन्याला द्यावे लागते, हेही मला ठाऊक आहे. तोवर ओळखीपाळखीची कामे सोडून चालणार नाही.

तुम्ही एक प्रयोग करा. आपल्या पेठेतल्या दहा दुकानांची संकेतस्थळे संगणकावर उघडा. दुकानाचे नाव माउसने निवडून त्याची नक्कल नोटपॅडवर उतरवा. देवनागरीत उतरले, रोमन अक्षरे आली, की काहीच हाती लागले नाही? तीन रकाने आखून नोंदी ठेवा, आणि तिसऱ्या रकान्यातल्या दुकानदाराला त्या दाखवायला विसरू नका.