रसायनशास्त्राची प्रात्यक्षिके विद्यार्थ्यांच्या हातून व्हावीत, याविषयी निवेदन

प्रति,
मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ, पुणे

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे, खेड-चिपळूण परिसरातील अकरावी-बारावी विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांचे पालक, आपणांस सविनय कळवितो की, रसायनशास्त्राच्या १०० गुणांपैकी जे ३० गुण मंडळाने प्रात्यक्षिकांसाठी राखले आहेत, ते प्रयोगशाळेची पायरीही न चढता पदरात पडण्याची रीत आमच्या परिचयाच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रूढ झाली आहे. मुले दिवसभर नीट व सीईटीच्या शिकवणीत बसतात, आणि परीक्षा तोंडावर आली की गतवर्षीच्या जर्नलातील नोंदी नव्या जर्नलात उतरवून त्यांवर सह्या घेतल्या जातात.

यात काय गमावले जाते ते एका अनुमापनावरून ध्यानी यावे. ऑक्झॅलिक आम्लाच्या द्रावणात विरल सल्फ्युरिक आम्ल मिसळून ते सुमारे ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापविल्यावर ब्युरेटमधून पोटॅशियम परमँगनेट सोडू लागले, म्हणजे पहिल्या थेंबांचा रंग काही वेळ रेंगाळतो; परंतु अभिक्रियेतून निपजणारे मँगनीजचे आयनच पुढे उत्प्रेरकाचे काम करू लागतात, थेंब पडताक्षणी विरू लागतो, आणि अखेरीस एकाच थेंबाने फिकट गुलाबी छटा शंकुपात्रात टिकून राहते. आम्ल कमी पडले तर तपकिरी साका येतो. सल्फ्युरिकच्या जागी हायड्रोक्लोरिक घेतले तर परमँगनेट क्लोराइडवरही खर्ची पडून हिशेब चुकतो. उतरवून घेतलेल्या जर्नलात साका कधीच येत नाही, आणि म्हणूनच त्यातून काही शिकताही येत नाही.

आमची कित्येक मुले पुढे लोटे-परशुरामच्या रासायनिक कारखान्यांत नोकरीस लागतात. संहत आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात नव्हे, हे तेथे केवळ पाठांतराने भागणारे ज्ञान नाही. शिक्षकांना आम्ही दोष देत नाही. प्रयोगशाळा सहायकाविना आणि रसायनांविना त्यांनी तरी काय करावे?

सबब विनंती की, सत्र चालू असता पूर्वसूचनेविना प्रयोगशाळांची तपासणी व्हावी. शिक्षकांच्या समक्ष घेतलेल्या व त्याच दिवशी तारखेसह साक्षांकित झालेल्या नोंदीच जर्नलात ग्राह्य धराव्यात. परीक्षेत प्रत्येक विद्यार्थ्यास स्वतंत्र ब्युरेट मिळावी. आणि सहायकांची रिक्त पदे व रसायनांचा खर्च यांची तजवीज सत्रारंभापूर्वी व्हावी, अशी शिफारस मंडळाने शासनाकडे करावी. यांपैकी तपासणीची मागणी आम्हांस सर्वांत निकडीची वाटते. तिच्याबाबतचा निर्णय प्रथम सत्र संपण्यापूर्वी लेखी कळवावा.

आपले विश्वासू,
विद्यार्थ्यांचे पालक