फोनवरच्या चोराला मराठी येतं

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतल्या काकूंना फोन आला. "काकू, बँकेतनं बोलतोय. तुमचं केवायसी राहिलंय बघा." बोली आपल्याच भागातली. काकूंनी विश्वासानं ओटीपी सांगितला आणि लेकानं गवंडीकाम करून साठवलेले 38 हजार गेले. तक्रार द्यायला गेलो तर अर्ज कन्नडमध्ये. काकू मराठीत सांगत होत्या, मी मोडक्या कन्नडमध्ये लिहीत होतो. लगेच 1930 वर फोन केला असता तर पैसे वाटेतच गोठवता आले असते, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं.

मी राज्यशास्त्र शिकतो. तक्रारीचं निवेदन केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतं, हे सांगणारं राज्यघटनेचं कलम 350 मला पाठ आहे. त्या दिवशी त्याचा काय बी उपयोग झाला नाही. पैसा कुठल्या वाटेनं गेला, हे मला सांगता येत नव्हतं.

म्हणून बीसीए, बीएस्सी, बीई करणाऱ्या आपल्या पोरापोरींना सांगणं आहे: पुढच्या शिक्षणासाठी संगणक सुरक्षेचा विचार करा. दोन वर्षांचा अभ्यास आहे. नेटवर्क, कूटलेखन, घुसखोरी ओळखणं, मोबाईलमधला पुरावा न बिघडवता काढणं, जोडीला सायबर कायदा. एमटेकला बऱ्याच ठिकाणी गेटचे गुण लागतात. एमएस्सीची वाट बीसीएवाल्यांनाही मोकळी असते. लई लांब जायला नको, नॅशनल फॉरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटीची केंद्रं धारवाडला आणि गोव्यात आहेत. गणित कच्चं असेल तर आत्तापासून मूळसंख्या आणि संभाव्यता पक्की करा. लिनक्स शिकायला जुना लॅपटॉप पुरतो.

"यात मराठीचा काय संबंध?" असं कुणी विचारेल. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात म्हटलंय, की माहिती घेताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय हवी. त्या 22 भाषांत मराठी आहे. हा हक्क राज्याच्या हद्दीवर थांबत नाही. बेळगाव, निपाणी, बिदर, इंदूर, सगळीकडे सारखाच. पण एखादं ॲप आपली कुठली माहिती उचलतं, हे उघडून बघणारं माणूस आपल्यात नसेल तर तो हक्क मागणार कोण?

फलकावरच्या मराठीसाठी आपण रस्त्यावर उतरतो, उतरायलाच हवं. या कामासाठी मात्र दोन वर्षं अभ्यासाला बसावं लागेल. अर्ज मी लिहून देईन. पुरावा काढणारं कुणीतरी तुमच्यातनं यायला पाहिजे.