भागधारक महोदय, एवढं तरी विचारा

प्रति,
संचालक मंडळ,
भारतीय आयुर्विमा महामंडळ, ‘योगक्षेम’, मुंबई

महोदय,

तपोवन-विष्णुगाड म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. एनटीपीसीत केंद्र सरकारच्या खालोखाल जे मोठे भागधारक आहेत, त्यांत तुम्ही आहात आणि तुम्ही गुंतवलेला पैसा आम्हा विमेदारांच्या हप्त्यांचा आहे. म्हणून हे पत्र कंपनीला नाही, तुम्हाला.

उत्तराखंडातला एनटीपीसीचा ५२० मेगावॅटचा हा जलविद्युत प्रकल्प सुमारे २,९७८ कोटींत उभा राहून २०१३च्या सुमारास वीज देणार होता. डिसेंबर २००९मध्ये बोगदा खणणाऱ्या यंत्राने सेलंगजवळ डोंगराच्या पोटातला पाणीसाठा फोडला. रोज सहा-सात कोटी लिटर पाणी वाहून जातंय, असा अंदाज तज्ज्ञांनी लगेच, २०१०मध्येच छापला. उत्तराखंडातल्या २०१३च्या प्रलयानंतर नेमलेल्या रवी चोप्रा समितीने हिमनद्यांलगतच्या प्रकल्पांचा धोका २०१४मध्ये लिहून दिला. काम चालूच राहिलं. ७ फेब्रुवारी २०२१ला रोंटी शिखराचा कडा कोसळला, ऋषिगंगा आणि धौलीगंगेतून लोंढा आला आणि २०४ माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. त्यांतले बहुतेक दोन जलविद्युत प्रकल्पांवरचे मजूर. बोगद्यातल्या गाळातून प्रेतं वर्षभरानंतरही निघत होती. एनटीपीसीचं नुकसान दीड हजार कोटींच्या घरात असल्याचं तेव्हाच्या ऊर्जामंत्र्यांनी सांगितलं, म्हणजे मूळ अंदाजाच्या निम्मी रक्कम एका सकाळीत गेली. वीज देण्याची पहिली मुदत उलटून दहा वर्षांहून अधिक काळ झाला. विमेदारांच्या परताव्याची तुम्हाला फार काळजी असते, असं ऐकून आहोत.

कडा निसर्गाने पाडला, हे मान्य. पण नदीवर धोक्याची सूचना देणारी यंत्रणा नसताना माणसांना बोगद्यात उतरवणं निसर्गाच्या नावावर कसं टाकणार? जवळच्या जोशीमठ शहरातल्या घरांना पडलेल्या भेगांचं खापर मी इथे प्रकल्पावर फोडत नाही. बोगदा शहरापासून किलोमीटरभर लांब आहे, असं कंपनी सांगते, ते तूर्त धरून चालू. तपोवनचा हिशेब त्यावाचूनही पुरेसा आहे.

या हिशेबात रैणी कुठेच नाही. धौलीगंगेच्या खोऱ्यातलं हे भोटिया जमातीचं गाव. १९७४मध्ये गौरादेवी आणि गावच्या बाया चिपको आंदोलनात झाडं वाचवायला इथेच उभ्या राहिल्या. जून २०२१मध्ये रस्ता पुन्हा तुटला, तेव्हा गौरादेवींचा पुतळासुद्धा तिथून हलवावा लागला. रैणी-जोशीमठच्या पाच जणांनी प्रकल्पांच्या मंजुऱ्या रद्द करा म्हणून उत्तराखंड उच्च न्यायालयात दाद मागितली. १४ जुलै २०२१ला अर्ज फेटाळला गेला, प्रत्येकाला दहा हजारांचा भुर्दंड बसला आणि वर हे अर्जदार कुणा अज्ञाताच्या हातातलं बाहुलं असल्याचा शेरा मिळाला. न्यायालयाचा मान राखूनच विचारतो: गावकऱ्यांना बाहुलं म्हणता आलं, पण आयुर्विमा महामंडळाला तसं कोण म्हणेल? (म्हणणारे म्हणतात, तो विषय वेगळा.)

एनटीपीसीत सरकारकडे निम्म्याहून जास्त भाग आहेत, तिथे आमचं कोण ऐकणार, हे तुमचं ठेवणीतलं उत्तर. ब्राझीलच्या एलेत्रोब्रासवरही तेव्हा सरकारचाच ताबा होता. तरी शिंगू नदीवरच्या बेलो मोंते धरणाने तिथल्या आदिवासींचे हक्क तुडवले, म्हणून नॉर्वेच्या सरकारी पेन्शन फंडाने मे २०२०मध्ये त्या कंपनीतून अंग काढून घेतलं. तुम्ही भाग विकावेत, असं मी म्हणत नाही. विकणारा सभेबाहेर जातो. तुम्ही आत बसून बोला. विमा नियामकाच्या कारभारसंहितेने ते कामच तुमच्यावर टाकलं आहे: कंपनीवर लक्ष ठेवा, गरज पडली तर हस्तक्षेप करा, इतर संस्थांना सोबत घ्या. तुमच्या मतदानाच्या तिमाही तक्त्यात ‘मत’ या रकान्याशेजारी ‘कारण’ असाही रकाना असतो. संचालकांच्या नेमणुकीवर मत देताना त्यात रैणी का येऊ नये?

कोळशापेक्षा पाणी बरं, हे खरंच. म्हणून कुठल्याही दरीत कसंही खणायचा परवाना मिळत नाही.

हे पत्र ज्या घाटावरून लिहितो आहे, तो अहिल्याबाईंचा. घाट-देवळांचा खर्च दौलतीच्या तिजोरीवर न टाकता त्यांनी खासगीतून केला, अशी त्यांची ख्याती आहे. पैसा कुणाचा, याचं भान त्यांना होतं.

एनटीपीसीच्या पुढच्या वार्षिक सभेआधी लेखी विचारा: तपोवनचा आजवरचा खर्च किती, एका युनिटला काय दर पडणार, मृतांच्या वारसांना काय मिळालं, आणि रैणीच्या ग्रामसभेशी कंपनी कधी आणि काय बोलली. आलेली उत्तरं विमेदारांसाठी जाहीर करा. उत्तरं आली नाहीत, तर संचालकांच्या नेमणुकीविरुद्ध मत द्या आणि कारणाच्या रकान्यात तसं स्पष्ट लिहा.

आपला,
एक विमेदार
अहिल्याबाई घाट, वाराणसी